सातमाळेच्या धारेवर

शहागडच्या आडतीवरच्या काट्यावर मी लहानपणापासून कापूस मोजला जाताना पाहिलाय, तूर पाहिलीय, चांगल्या सालात मोसंबीही पाहिलीय. २१ डिसेंबर २०२३च्या संध्याकाळी त्याच काट्यावर माझी सॅक ठेवली. पंधरा किलो चारशे ग्रॅम. काट्यावर बसणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी. त्यानं आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "बाई, हे पाठीवर घेऊन किती दिवस?" मी म्हटलं, "दहा-बारा." तो पुढे काही बोलला नाही, पण सॅक खाली घेताना आजारी माणसाला बाजेवरून उतरवावं तशी त्यानं ती हळूच उतरवली.

सापुताऱ्याजवळच्या हातगडावरून निघायचं आणि सातमाळा रांगेच्या अंगाखांद्यावरून पूर्वेकडे चालत चालत मनमाडजवळच्या अणकाई-टणकाईला उतरायचं, असा बेत होता. मधे अचला, अहिवंत, मोहनदर, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, राजधेर, इंद्राई, चांदवड. ओवत गेलं तर माळच होते. बेत माझ्या भाचीचा. ती नाशिकला शिकायला गेली आणि तिथल्या डोंगरांची झाली. मी पंचेचाळीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी. दोन महिने रोज पहाटे पाठीवर तांदळाची पिशवी बांधून गोदावरीच्या पुलावरून पलीकडे बीड जिल्ह्यात जायचे आणि परत यायचे. एवढीच माझी तयारी.

पायी चालणं आमच्या गावाला नवं नाही. आषाढीला जाणारी मुक्ताईची पालखी आमच्याकडून गोदावरी ओलांडते, शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना गेवराईवरून आमच्याकडे येते आणि वडीगोद्री-अंबडच्या वाटेला लागते. आई आयुष्यभर वारकऱ्यांचे पाय पाहत आलीय. कुणाच्या टाचेला फोड आला, कुणाची बोटं सोलवटली, कुणाला गरम पाणी हवं, हे तिला चेहऱ्यावरून कळतं. म्हणून मी डोंगरात चालायला जाणार म्हटल्यावर तिनं "कशाला" असं विचारलं नाही. "देव कोणता लागतो वाटंत?" एवढंच विचारलं. सप्तशृंगी म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

मी मात्र देवासाठी निघाले नव्हते. मला 'वरचे' पाहायचे होते.

'वरचे' हा शब्द वडिलांचा. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. घरापासून पात्र हाकेच्या अंतरावर, आणि तरी आमच्या घरात पाण्याची गोष्ट निघाली की ती नाशिक-नगरपर्यंत जायची. वडील रोज सकाळी पेपर उघडून आधी जायकवाडीचा आकडा शोधायचे. किती टक्के भरलं, आवक किती, कॅनॉलला कधी सोडणार. २०१२ला पावसानं दगा दिला आणि २०१३च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा नाथसागर मृतसाठ्याच्याही खाली गेला. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, त्यात आमची दोनशे चाळीस झाडं होती. वडिलांनी फेब्रुवारीपासून टँकर घातले, मार्चात निम्मी झाडं सोडून दिली, एप्रिलच्या शेवटी सगळ्यांनाच कुऱ्हाड लावली. त्या दिवशी ते बांधावर बसून म्हणाले, "वरच्यांनी अडवलं." नंतर अनेकदा म्हणाले. २०१९ला ते गेले, तेव्हाही उशाशी घडी घातलेला पेपर होता.

भांडण आजचं नाही. पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा २००५चा. २०२३ला पंधरा ऑक्टोबरला जायकवाडी पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा हिशेब होता. २०२३चा पावसाळा कोरडा गेला, ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, मग दोन्हीकडे आंदोलनं, कोर्टकचेऱ्या, आणि नोव्हेंबर संपता संपता पाणी निघालं. मी निघाले तेव्हा त्या पाण्याला महिनाही झाला नव्हता. गोदावरीला जिथून पाणी येतं असा एक तरी डोंगर मला पायांखाली घालून पाहायचा होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर एसटी धरली. त्या वर्षी मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त. कंडक्टरनं सॅक बघून विचारलं, "वारीला का?" मी हो म्हटलं. त्या साली शहागड-वडीगोद्रीचा हा रस्ता अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनामुळे साऱ्या राज्याला माहीत झाला होता, गाडीतही बोलणं तेच चाललं होतं. खिडकीबाहेर अंधार होता आणि माझ्या डोक्यात जांबचा एक मुलगा होता. जांब आमच्यापासून लांब नाही, घनसावंगी तालुक्यात. १६०८ साली तिथं जन्मलेला नारायण ठोसर बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून निघाला आणि नाशिक-पंचवटीला पायी पोचला, असं सांगतात. पुढे तो समर्थ रामदास झाला. ते पुढचं मी शाळेत दरवर्षी शिकवते. मधल्या चालण्याबद्दल पुस्तकात एक ओळही नसते. बारा वर्षांच्या पोरानं गंगेचा काठ धरला असेल, दुसरी खूण काय होती त्याच्याकडे? मी त्याच दिशेनं चालले होते, गाडीत बसून.

शनिवारी सकाळी मी आणि भाची नाशिकहून वणीमार्गे सापुताऱ्याच्या गाडीत बसलो. दिंडोरीच्या द्राक्षबागांवर नोव्हेंबरअखेरच्या गारपिटीच्या खुणा अजून होत्या. काही बागांत पानं चाळणीसारखी. शेजारच्या सीटवरचा शेतकरी घडांवर पडलेले डाग भाचीला बोटांनी दाखवत होता. मला एकदम बांधावर बसलेले वडील आठवले. हाही 'वरचा'च की.

हातगडाचा चढ सोपा. वाटेत स्ट्रॉबेरीचे ढीग मांडून बसलेल्या बाया, वर कातळ कोरून काढलेले दरवाजे आणि टाकी. सकाळच्या उन्हात वरून दिसलं ते मी वर्गातल्या नकाशावर वीस वर्षं पट्टीनं दाखवत आले होते. पश्चिमेला सुरगाण्याच्या बाजूनं नार आणि पार या नद्या गुजरातेत उतरतात. पूर्वेला गिरणेचं खोरं सुरू होतं. नकाशात हे निळ्या रेषांनी सोपं दिसतं. इथं एकामागून एक डोंगरच, त्यात कुठला उतार कुणाचा ते भाचीलाही चटकन सांगता येईना. खाली उतरलो, सॅका पाठीला लावल्या आणि खऱ्या अर्थानं चालायला सुरुवात झाली.

पहिल्या दोन तासांत मला कळलं की पुलावरची तयारी आणि हे चालणं यांचा संबंध थोडाच. सपाट रस्त्यावर ओझं खांद्यावर असतं. चढावर ते कमरेत येतं, आणि उतारावर गुडघ्यांत आणि अंगठ्यांच्या नखांत. भाची दर अर्ध्या तासानं थांबायची, माझे पट्टे ओढून द्यायची, सॅकचं ओझं कमरेवर बसतंय का ते हातानं चाचपायची. तिच्या लहानपणी मी तिच्या बुटांच्या नाड्या अशाच बांधायचे.

दुपार कलल्यावर कळवण तालुक्याच्या पश्चिम टोकाच्या एका पाड्यावर पोचलो. बारा-पंधरा घरं. कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, वर कौलं, अंगणात खुरासणीचे भारे वाळत घातलेले. शाळेच्या ओट्यावर तंबू टाकू का म्हणून विचारायला गेलो तर समोरच्या घरातल्या आजींनी हात धरून आत नेलं. "ओट्यावर कशाला, घर आहे ना." एवढ्यावर विषय संपला.

चुलीपाशी सून नागलीच्या भाकरी थापत होती. आमच्याकडे ज्वारीची भाकरी थापताना पीठ हाताखाली पसरत जातं, त्याचा एक ठेका असतो. नागलीचं पीठ चिकट आणि तरी ठिसूळ. तिनं ते आधी गरम पाण्यात मळलं आणि तळव्यावर पाणी घेत घेत पानाएवढी भाकरी वाढवत नेली. मी एक करून पाहिली. तव्यावर टाकताना मधोमध फाटली. सुनेनं ती फाटलेली जागा ओल्या बोटानं सांधली आणि माझ्याच ताटात वाढली. सोबत उडदाचं वरण आणि लसणाची लाल चटणी. बारा किलोमीटर चालून आलेल्या माणसाला त्याहून जास्त काही लागत नाही.

जेवणाआधी पाणी आणायला सून निघाली तशी मीही निघाले. विहीर पाड्याच्या खाली, दहा मिनिटांच्या उतारावर. येताना तोच चढ, डोक्यावर दोन हंडे. मला तिनं एक कळशी दिली, ती मी कमरेवर घेतली. आमच्याकडेही मी हंडे वाहिलेत, पण सपाटीला. इथं पावलाखाली मुरूम सरकत होता आणि ती मागं वळून मला सांगत होती, पाय आडवा टाका. विहिरीत डोकावले तर बांधणी ओळखीची. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. वडिलांनी बागेतली विहीर खोदली तेव्हा हाच क्रम लागला होता, काळ्या पाषाणाला सुरुंग लावावे लागले होते. दोन-अडीचशे किलोमीटरवर तोच दगड, त्याच थरांत.

"पाणी किती दिवस पुरतं?" मी विचारलं.

"होळीपर्यंत."

"मग?"

तिनं हनुवटीनं खालची दरी दाखवली. "तिथं झिरा आहे. वाटी वाटीनं भरायचं. पहाटे दोनला गेलं तर नंबर लवकर लागतो."

मी त्या दरीकडे पाहिलं. पावसाळ्यात इथं आभाळ फाटल्यासारखं कोसळतं. आमच्याकडे वर्षभरात पडतो त्याहून कितीतरी जास्त पाऊस या घाटमाथ्यावर चार महिन्यांत पडून जातो. आणि होळीनंतर वाटी वाटीनं. वर्षभरापूर्वी सुरगाणा तालुक्याच्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली होती, तेव्हा मी पेपरमध्ये वाचून चिडले होते. आता ती कळशी कमरेवर घेऊन चढताना तो राग कुठं ठेवायचा ते मला समजेना.

रात्री शेकोटीपाशी आजींनी विचारलं, गाव कुठलं. मी सांगितलं, लांबचं, मराठवाड्यातलं, गंगेच्या काठावरचं.

"गंगेच्या काठावर? मग पाण्याची चंगळ."

मी सांगितलं की नाही. पात्र मोठं आहे, पण वरच्या धरणातून सोडलं तर पाणी येतं, नाहीतर उन्हाळ्यात वाळू. आमची बाग पाण्याविना गेली तेही सांगितलं. आजी लाकूड पुढं सारत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही म्हणतो आमचं पाणी सगळं खालचे नेतात. तुमच्याकडंही नाही म्हणता. मग जातं कुठं?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली. वीस वर्षं भूगोल शिकवूनही मला उत्तर सुचलं नाही.

रविवारचा दिवस नुसता चालण्यात गेला. आडवाटा, ढोरवाटा, मधेच डांबरी रस्ता, पुन्हा शेतांचे बांध. नागली कापून झालेली खाचरं, कडेला उभे सागाचे पिवळे पडलेले पट्टे. दुपारी टाचेला फोड आला. भाचीनं त्यावर चिकटपट्टी लावली आणि एका झाडाखाली माझी सॅक जमिनीवर पालथी केली. दोन जास्तीचे ड्रेस, स्टीलचा डबा, शाळेतून तपासायला आणलेल्या वह्या, आईनं दिलेले दीड किलोचे लाडू. "मावशी, यातलं काय लागणारच नाही ते तूच सांग." लाडू आम्ही वाटेतल्या पोरांत वाटले, बाकीचं एका ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर वणीला पाठवून दिलं. वह्या मात्र मी ठेवल्या. संध्याकाळी दगड पिंपरीत, अचल्याच्या पायथ्याला, मारुतीच्या देवळात झोपलो. झोपताना मी पाण्याच्या तीन बाटल्यांपैकी एक बाहेर काढली.

ती चूक होती. भाचीनं सोमवारी सकाळी विचारलं, "पाणी भरलंस ना तीन लिटर?" मी नुसती मान हलवली. दोन लिटर पुरेल, पुढे किल्ल्यावर टाकी आहेतच, असा माझा हिशेब. पायांवरचं ओझं एक किलोनं कमी झालं याचाच आनंद मोठा वाटत होता.

अचला चढताना मला सातमाळेची चाल कळली. ही रांग पायऱ्यापायऱ्यांनी वर जाते. आधी झाडीचा चढ, मग एक सपाट पदर, मग उभा कातळ, पुन्हा पदर, पुन्हा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले, त्यांचे हे थर. कठीण थराचा कडा झाला, ठिसूळ थर झिजून पदर झाला. हे मी पुस्तकातून शिकवलेलं. पण कड्याच्या पोटातून आडवं जाताना मी हात लावून पाहत होते आणि मला वडिलांची विहीरच दिसत होती. विहिरीत आपण वरून खाली जाताना जे थर पाहतो ते इथं पायथ्यापासून माथ्याकडे उलटे मोजत चढायचं. मांजऱ्या आला की वाट रुंद, काळा पाषाण आला की कोरलेल्या पायऱ्या.

माथ्यावरून पूर्वेला अहिवंताचा पसारा दिसतो. जवळ वाटतो. उतरून धारेवरून पुढे निघालो तेव्हा अकरा वाजले होते. धार म्हणजे डोंगराचा कणा, दोन्ही बाजूंना उतार आणि मधे पाऊलवाट. वाळलेलं गवत कमरेएवढं, पायाखाली घसारा. एक वाजता माझी पहिली बाटली संपली. दोन वाजता दुसरीत चार घोट राहिले. मी ते भाचीला सांगितलं नाही. तीनला आम्ही अहिवंताखालच्या आडव्या वाटेवर होतो, उन्हं थेट कातळावर, कातळाची धग गालाला लागत होती. जीभ टाळूला चिकटली. माझी पावलं लहान व्हायला लागली आणि मग एका ठिकाणी घसाऱ्यावर बूड टेकून मी सात-आठ फूट खाली गेले. लागलं काही नाही, तळहात तेवढे सोलले. भाची खाली आली, माझ्या सॅकला हात घातला आणि रिकाम्या बाटल्या पाहिल्या. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं आपली बाटली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घोट घोट पी. आणि यापुढं खोटं नको बोलूस मला डोंगरात."

ते वाक्य मी जपून ठेवलंय.

अहिवंताचा माथा विस्तीर्ण. वाड्यांची जोती, तटाचे तुकडे, गवतात हरवलेल्या वाटा. १६७०च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी याच रांगेत, पूर्वेला कांचन-मंचनच्या भागात, दाऊदखानाच्या मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवलं. वणी-दिंडोरीची लढाई ती. त्यानंतरच्या धामधुमीत अहिवंत मराठ्यांनी घेतला, मग मोगलांनी परत घेतला. भाची हे सगळं सांगत होती आणि माझे डोळे फक्त पाणी शोधत होते.

टाकं सापडलं ते झाडीआड. कातळात खोल कोरलेलं, चौकोनी, कडा अजून छिन्नीच्या. पाण्यावर वाळकी पानं, काठाशी हिरवा तवंग, मधे मात्र पाणी काळंभोर स्वच्छ. भाचीनं दोरीला भांडं बांधून मधलं पाणी शेंदलं, ओढणी चारपदरी करून गाळलं, मग स्टोव्हवर उकळलं. उकळी यायला किती वेळ लागतो! मी त्या भांड्यासमोर गुडघे टेकून बसले होते. गार होईपर्यंत धीर धरवेना, कोमट असतानाच प्यायले. दगडाची चव होती त्याला, किंचित मातीची, आणि ते गोड होतं.

मग भूक शमल्यावर माणूस विचार करतो तसा मी त्या टाक्याजवळ बसून विचार केला. किल्ला बांधणाऱ्यांनी आधी पाणी बांधलं. टाकं कोरताना जो दगड निघाला तोच तटाला लावला, एका कामात दोन कामं. काळ्या पाषाणात जिरत नाही, त्यामुळे टाक्यातलं पाणी तिथंच राहतं. पण तोच पाषाण पूर्ण डोंगराला आहे. म्हणजे डोंगरावर पडलेला पाऊसही जिरत नाही. येतो आणि निघून जातो. ज्यांनी कातळात जागा केली त्यांना डिसेंबरातच काय, मे महिन्यातही पाणी मिळत असणार. पाड्यावरच्या लोकांसाठी कुणी टाकं कोरलेलं नव्हतं.

सूर्य बुडायच्या आतच पूर्वेला चंद्र वर आला. दुसऱ्या दिवशी दत्तजयंतीची पौर्णिमा, त्यामुळे जवळजवळ पुरा. तंबू लावून आम्ही कडेला जाऊन बसलो. थंडीनं नाक बधिर झालं होतं. भाचीनं हात लांबवला. उत्तरेकडच्या अंधारात गिरणेचं खोरं. तिकडचा प्रत्येक ओहोळ गिरणेत जातो, चणकापूरच्या धरणात थांबतो, पुढे मालेगाव-चाळीसगावच्या अंगानं जळगाव जिल्ह्यात तापीला मिळतो आणि अरबी समुद्राला जातो. मग तिनं दक्षिणेकडे हात केला. खाली करंजवणच्या धरणाचं पाणी चांदण्यात पत्र्यासारखं चमकत होतं. "ही कादवा. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीत जाते." तिच्यापुढचं मी म्हटलं, कारण ते मला पाठ होतं. पुणतांबा, नाथसागर, पैठण, ज्ञानोबांचं आपेगाव, हिरडपुरी, मग आमचा पूल.

आम्ही बसलो होतो ती धार दहा-बारा पावलं रुंद होती. पावसाचा एक थेंब माझ्या डाव्या हाताला पडला तर तो तापीचा, उजव्या हाताला पडला तर माझ्या आईच्या दारावरून जायचा, मधल्या धरणांनी जाऊ दिला तर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजींचा पाडा उत्तरेला होता. त्यांचं पाणी आमच्याकडं कधीच येत नव्हतं. आमचे 'वरचे' ते नव्हतेच, आणि आम्ही त्यांचे 'खालचे' नव्हतो. दोघींनी एकाच शेकोटीपाशी बसून भलत्याच माणसांवर रोष धरला होता. दक्षिणेच्या उतारावरही असेच पाडे होते, त्यांचे दिवे मला वरून दिसत होते, धरणाच्या वर, चढावर. त्यांच्या विहिरी होळीनंतर किती पुरतात, ते मला कुणी सांगायला नको होतं.

वडील असते तर मी त्यांना हे कसं सांगितलं असतं, याचा विचार करत रात्री बराच वेळ जागी होते. त्यांची बाग गेली हे खरं होतं. त्यात माझ्या आजच्या माहितीनं काही बदलत नाही. पण 'वरचे' म्हणताना ते कुणाकडं बोट करत होते, हे त्यांनाही एकदा इथं आणून दाखवायला हवं होतं.

मंगळवारी उत्तरेला उतरून मोहनदरला वळसा घातला. कड्याला आरपार पडलेलं नेढं खालूनच पाहिलं. देवीच्या धाकानं पळालेला राक्षस डोंगर फोडून गेला, त्याचं हे भोक, असं वाटेतल्या गुराख्यानं सांगितलं. मग नांदुरी, आणि तिथून गडाची पायवाट. आता रोपवे झालाय, मोटारीही वरपर्यंत जातात, तरी पायी चढणारे पुष्कळ. पौर्णिमा आणि मंगळवार, त्यामुळे खानदेशातून आलेल्या बायांचे जथेच्या जथे. आमच्या सॅका पाहून त्यांनी वाट दिली. एक तर म्हणाली, "आईचा नवस का गं एवढं वझं?"

देवी अठरा हातांची, मान एका बाजूला कललेली. समोरच्या मार्कंड्यावर बसून मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात आणि ती कान देऊन ऐकते, अशी श्रद्धा आहे. आईनं तिला पाहिलं होतं ते शेंदराच्या जाड थरात. २०२२ला तो शेकडो किलोंचा थर उतरवला आणि आतली मूळ मूर्ती दिसू लागली. दगडातले दागिने, बोटांची पेरं, ओठांची कड. रांगेत मला जेमतेम दहा सेकंद मिळाली, त्यात मी आईसाठी जेवढं पाहता येईल तेवढं पाहून घेतलं.

रात्री धर्मशाळेच्या गच्चीवर रेंज मिळाली. फोन लावला.

"पोचलीस का? दर्शन झालं?"

मी मूर्तीचं सांगितलं. डोळे कसे, नथ कशी, मान कशी कललीय. तिनं दोनदा विचारलं, शेंदूर अजिबात नाही का. मग पायांचं विचारलं. मी टाचेचं सांगितलं. "फोड फोडू नको. सुईत दोरा ओव, आरपार काढ, दोरा तसाच राहू दे. पाणी निघून जातं." मग तळहातांचं सांगावं लागलं, कारण मी फोन सारखा या हातातून त्या हातात घेत होते आणि तिला ते ऐकू येत होतं.

शेवटी पाड्यावरच्या आजींचं सांगितलं. विहीर, चढ, नागलीची भाकरी. त्यांनी काय विचारलं तेही.

"डिसेंबरात कसं असंल पाणी तिथं?"

"आत्ता आहे. होळीपर्यंत टिकतं म्हणे."

"आन होळीनंतर?"

"खाली दरीत झिरा आहे. पहाटे दोनला उठून जातात. वाटीनं भरतात."

पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग मागं कुठंतरी पाण्याचा आवाज सुरू झाला, आधी हवेचा फुसकारा आणि मग पत्र्यावर पडणारी धार.

"नळ आलाय," आई म्हणाली. "थांब, भरून घेते आधी."